रिकामं मशीन फिरवू नये

हॅलो?... हो आई, संचिताच. माझा फोन दुसरं कोण उचलणार?... नाही, बिझी नाही. म्हणजे मीटिंग आहे थोड्या वेळाने, पण तू बोल... काय बिघडलं?... मशीन? कपड्यांचं?... चालतंय ना पण? मग बिघडलं कसं?... वास. परत वास.

अगं आई, हा वास मी दसऱ्यापासून ऐकतेय... हो, ऐकतेय! फोनवर वास ऐकायचाच असतो, दुसरं काय करणार?

बरं, सांग... कुबट... हं... ओल्या पोतेऱ्यासारखा. बाबांच्या शर्टाला, उशीच्या अभ्र्यांना... टॉवेलने तर तोंडच पुसवत नाही. हो, कळलं... कुठे? कट्ट्यावर?... बाबांच्या शेजारून लोक उठून गेले? कोण उठलं?... अगं दगडूकाका तसेही सारखे उठतात, शुगर आहे त्यांना. वासाचा काय संबंध?

मेकॅनिकचा नंबर कशाला? तो येऊन गेला ना मागच्या महिन्यात?... काय म्हणाला तो?... 'काकू, मशीन एकदम ओके आहे, पावडर कमी टाका.' मग टाकलीस कमी?... वाढवलीस. का?... वास येत होता म्हणून.

धन्य आहे तुझी. अगं ती सगळी धुऊन जात नाही, आत चिकटून बसते, आणि तिच्यावरच बुरशी पोसते... नाही, फेस आला म्हणजे स्वच्छ झालं असं नसतं गं!

काय?... गार पाण्यात धुते म्हणून?... आई, ऐक. आई. अगं ऐक ना! तीस अंशावर धुतलं तर काही पाप लागत नाही. मी पण तीसवरच धुते. रंग टिकतो, बिल कमी येतं... माझ्या कपड्यांना येतो का वास? दिवाळीत आलेलीस, माझी साडी नेसून गेलीस. आला?... मग?

भट्टी लावायचीस, माहितीये. सोडा घालून, चुलीवर. मग नदीवर नेऊन आपटायचीस... हो, तेव्हा नाही यायचा वास. गावाला ऊन किती असतं! आणि नदी वाहती. नदीला तू फ्रिलचं कव्हर नव्हतीस घालत!... नाही, टोमणा नाही मारत. आठवण करून देतेय.

एवढं आहे तर ऐश्वर्यालाच विचार ना. मशीन तीच लावते रोज... घरात नाही?... गेली म्हणजे?... बॅग घेऊन.

हं. बोल. ऐकतेय मी... सकाळी, तू देवळातून यायच्या आत... टिटवाळ्याला, माहेरी गेली असेल? असेल म्हणजे काय? फोन नाही केलास?... उचलत नाही. आणि प्रीतम? त्याची बायको आहे, त्याला माहीत असेल... 'ती सुखरूप आहे, तू काळजी करू नको.' बरं. आणि?... वेगळी जागा बघतोय. टिटवाळ्यालाच, नवीन बिल्डिंगमध्ये. आज ऑफिसमधून परस्पर बघायला जातोय.

आई. तुझी सून बॅग घेऊन निघून गेली, मुलगा वेगळं बिऱ्हाड करायला निघाला, आणि तू मला फोन करून मेकॅनिकचा नंबर विचारतेस?... मशीनमुळेच झालं सगळं? बरं. काय झालं मशीनमुळे? तू काय बोललीस तिला?... गोल गोल नको, शब्द सांग. जो बोललीस तोच... 'तुझ्या हातालाच कुबट वास आहे.'

वा. छान.

अगं तिसरा महिना आहे तिला! गेल्या वर्षीचं ते सगळं झाल्यावर, इतक्या नवसासायासाने... तिला स्वतःलाच सगळ्याचा वास येतो. भाताचा येतो, उदबत्तीचा येतो. आणि तू... बोलून गेलीस. हो. तुझं ते 'बोलून गेले' ठरलेलंच आहे.

काय?... इथे कोण रडतंय? कोणी नाही. टीव्ही आहे... करते बंद, थांब.

हं, झाला. पण आई, एका वाक्यावरून ऐश्वर्या घर सोडणार नाही. लग्न झाल्यापासून ऐकतेय ती तुझं. अजून काहीतरी झालंय. काय झालं?... काही नाही?... देवाची शपथ नको घेऊस, नुसतं सांग... बरं, नको सांगू. चल, उठ. मशीनपाशी जा... आत्ता! भाजी राहू दे. गॅस बंद कर आधी.

गेलीस? दार उघडं आहे का बंद?... मशीनचं गं, घराचं कशाला सांगतेस... बंद. आणि वर कव्हर. ऐश्वर्या उघडं ठेवून जायची ना?... आणि तू लावायचीस. रोज?... झुरळं जातील म्हणून... बरं, धूळ बसेल म्हणून... कोणी आलं गेलं तर दिसायला बरं दिसत नाही म्हणून. संपली कारणं?

आई, तिन्हीसांजेला घराचं दार सताड उघडं ठेवतेस ना तू? लक्ष्मी यायची म्हणून? मच्छर येतात, मांजर येतं, पाण्याचे फिल्टर विकणारे येतात, तरी ठेवतेस. मग त्या बिचाऱ्या मशीनला जरा वारा लागला तर काय बिघडतं? गार पाण्यात धुतलं की आतले जंतू सगळे मरत नाहीत. म्हणून आतून वाळू द्यायचं असतं. ओलं पोतेरं डब्यात घालून घट्ट झाकण लाव, दोन दिवसांनी हुंगून बघ... तेच तर करतेयस तू!

काढ ते कव्हर. दार उघड. आता तोंडाशी रबर आहे ना, राखाडी, गोल... त्याची घडी बोटाने मागे कर. काळं आहे?... बुरशी ती... नाही, ऐश्वर्या पुसते रोज फडक्याने. म्हणजे... पुसत असणार. मला काय माहिती, मी ठाण्यात बसलेय.

ते नंतर. आधी खाली बघ, उजव्या कोपऱ्यात छोटं झाकण आहे... चमच्याच्या टोकाने उघड... आत गोल बटणासारखं दिसतंय? ते फिल्टर. फिरवायच्या आधी खाली ताट ठेव... परात नाही जाणार, ताट!... आणि हळूच फिरव हं, आतलं पाणी येतं बाहेर... थोडंसं फिरव, थांब, मग... आई, हळू... आई?

हॅलो?... काय झालं?... सगळं फिरवलंस? एकदम? मी काय सांगितलेलं!... किती पाणी?... स्वयंपाकघरात गेलं? बाबांना येऊ देऊ नकोस तिकडे, घसरतील. बाबा! बाबा, तिथेच बसा!... त्यांना ऐकू नाही जाणार, तूच सांग... जुना पंचा टाक त्याच्यावर. आणि फोन स्पीकरवर कर, ओट्यावर ठेव... पिठाच्या डब्यावर चालेल. आता बस खाली. पाट घे.

वास? येणारच आता. नाकाला पदर लाव... गाऊनला कुठून पदर येणार, बरोबर आहे... फडकं लाव. काय निघालं?... बटण... हेअरपिन... रबर... अजून?... चिकट? कशासारखं चिकट?... पिठल्यासारखं? आई, कपड्यांतून पिठलं कुठून येईल? नीट बघ... खळीसारखं. दाणे आहेत त्यात?

कसले दाणे?

आई?... कसले दाणे आहेत ते?

तांदूळ.

मशीनमध्ये तांदूळ कुठून आले?... हॅलो, आहेस ना?... मी ओरडत नाहीये. बघ, किती हळू बोलतेय... तूच टाकलेस. का?... 'असंच' मशीनमध्ये तांदूळ टाकतं का कोणी? सांग बघू मला. नीट सांग.

ती रिकामं फिरवते म्हणून?... हो मग, ते रिकामंच फिरवायचं असतं! महिन्यातून एकदा. कपडे नाही, काही नाही, नुसतं कडकडीत पाणी, नव्वद अंशावर. रोज गार पाण्यात धुतो ना आपण, मग आतला थर असाच सुटतो. मीच सांगितलेलं तिला... हो, लाइट जळते, जळू दे... लाइटचं नाही? मग कशाचं?

रिकामं जातं फिरवू नये. हो, आजी म्हणायची. पण ते जातं गं आई, हे साधं मशीन... काय?... रिकामा पाळणा हलवू नये.

हं.

बोल. ऐकतेय मी.

गोल गोल फिरतं. आत काही नाही. आणि ती पोटुशी पोर समोर उभी राहून बघते... तुला बघवायचं नाही. मग तू जाऊन बटण बंद करायचीस. ती परत लावायची. तू परत बंद करायचीस... मला आठवतंय, ती म्हणालेली मला, आई मुद्दाम बंद करतात... ऐकेना, म्हणून मग मूठभर तांदूळ. तिची पाठ वळली की आत. म्हणजे रिकामं राहायला नको... हळद लावून. अक्षता करून. हो, नुसते कसे टाकायचे, शास्त्र असतं ना!

कधीपासून?... गोड बातमी कळली तेव्हापासून. म्हणजे दसऱ्यापासून. आणि वास कधीपासून गं आई? दसऱ्यापासून ना?... जुळतंय का काही?

अगं नव्वद अंशावर तांदूळ टाकलेस तू! नव्वद! भात शिजवलास मशीनमध्ये. मऊ भात. पेज निघाली ती जाऊन बसली खाली. वरून तुझी वाढीव पावडर, वरून दार बंद, वरून कव्हर. आंबणार नाही तर काय होईल? वास वाढला म्हणून ती बिचारी दर आठवड्याला गरम पाण्यावर लावायला लागली. ती रिकामं लावणार, तू मूठ टाकणार. तू मूठ टाकणार, वास वाढणार, की ती परत लावणार! आणि वरून तिलाच म्हणतेस तुझ्या हाताला वास. चोर तो चोर वर शिरजोर!... हो, हसतेय. हसू नको तर काय करू?

तिला सांगितलं का नाहीस पण? 'बाई गं, रिकामं नको फिरवू, मला भीती वाटते.' एवढं एक वाक्य. जगातलं सगळं बोलतेस, तेवढंच कसं नाही आलं तोंडात?... ती घाबरली असती.

हं... हो, आठवतं. गेल्या वर्षी किती दिवस ती तेच विचारत बसलेली. मी काय उचललं, मी काय खाल्लं, माझं काय चुकलं... आणि तेव्हाही ती मशीन रिकामं फिरवायची. हे ऐकलं असतं तर ते पण स्वतःवर घेतलं असतं तिने. म्हणून गप्प बसलीस. तिच्या डोक्यात नको शिरायला, भीती आपली आपल्यापाशी.

आई गं.

नाही, काही नाही.

आता मी सांगते ते ऐक. मधे बोलू नकोस. तिला ते दाणे सापडलेत... काल. रबराच्या घडीत, पुसताना... मला कसं माहिती ते नंतर सांगते. आणि पिवळे नव्हते. लाल होते... तू पिवळेच टाकलेस गं, पण हळदीच्या डागाला साबण लावला की काय होतं? लालभडक होतो ना? तसंच. आता तू विचार कर. गेल्या वर्षी असं झालेली बाई. परत दिवस गेलेत. आणि तिच्या कपड्यांच्या मशीनमध्ये लाल तांदूळ. आणि घरात दुसरी बाई कोण, तर तू. काय वाटलं असेल तिला?... हो. तेच. करणी.

ओरडू नकोस! तिला तसं वाटलं. मलाही वाटलं असतं. त्यात त्याच दिवशी तू तिच्या हाताचं काढलंस. तिने ते दाणे प्रीतमला दाखवले, म्हणून जागा बघायला निघालाय तो. वासावरून नाही... शिव शिव नंतर कर. कान पण नंतर धर.

मला कसं माहिती?... आई, मघाशी टीव्ही नव्हता तो.

इथे आहे ती. माझ्याकडे. सकाळपासून... नाही गेली टिटवाळ्याला. माहेरी जाऊन काय सांगणार, सासू करणी करते? इथे आली, ठाण्याला, माझ्या दारात उभी राहिली रुमालात दाणे बांधून... हो, माझा पण फोन स्पीकरवर आहे... पहिल्यापासून... हो, सगळं ऐकलं तिने, पोतेऱ्यापासून पाळण्यापर्यंत... चीड. चीड माझ्यावर, हक्क आहे तुझा. पण तिच्यासमोर तू हे सात जन्मात बोलली नसतीस. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसं केलं एकदाचं... फसवलं तर फसवलं!

थांब. बास. मीटिंग गेली माझी खड्ड्यात. धर गं ऐश्वर्या, तुम्ही दोघीच बोला. नाक पूस आधी.

हॅलो... आई, मी. ऐश्वर्या.

हो... हो. पोहे खाल्ले ताईंकडे... नाही, उलटी नाही झाली आज... अहो, तुम्ही नका ना रडू. खालचं पाणी पुसलंत का? घसराल तिथे.

मला ते लाल दिसले ना, आई... करणीचं जाऊ दे. मला वाटलं, तुम्हाला आम्ही नको झालोय. मी आणि हे पोटातलं... हो... हो, कळलं. ऐकलं मी सगळं... नाही, राग होता. खूप होता. आता नाही... थोडा आहे. हाताचं बोललात त्याचा आहे.

मला सांगायचं होतंत. घाबरले असते, पण तुमच्याजवळ बसून घाबरले असते ना.

ताई? ताई डोक्याला हात लावून बसल्यात.

ऐका ना, फिल्टर धुतलंत?... ब्रशने धुवा आणि घट्ट बसवा परत. रबर पुसा. मग एकदा गरम पाण्यावर लावावं लागेल, नव्वदवर... हो, नेहमीसारखं रिका... थांबा, थांबा, रिकामं नको. बाबांच्या दोन बंड्या टाका, आणि माझा पांढरा सुती गाऊन, बादलीत आहे तो... चालतं हो, पांढरं सुती चालतं कडक पाण्यात. दर महिन्याला तेच टाकत जाऊ. मशीन पण धुतलं जाईल, आणि तुम्हाला पण... हो. पावडर एक चमचा. एकच, आई!... लावलंत?... हो, येतोय आवाज. फिरतंय.

झालं की दार उघडं ठेवा. कव्हर नको... मशीनचं म्हणतेय मी... घराचं पण?

हो. येते. आजच येते... प्रीतमला मी सांगते, जागा बघायला नको जाऊ म्हणून. ताई सोडायला येतायत, तिन्हीसांजेच्या आत पोचतो आम्ही... काही करू नका जेवायला. भात तर नकोच.

काय?... उंबऱ्यावर? कसलं माप?... अहो आई, लग्नात ओलांडून आलेय मी ते, आता परत कशाला? शेजारचे काय म्हणतील... हॅलो?... बरं... बरं बाई, ठेवा माप. भरा तांदळाने.

पण नुसते हं. हळद नका लावू.